रिलीजच्या चाव्या अनोळखी माणसाला द्याव्यात का?

अक्षरजुळणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे आणि थोडं मनही मोकळं करायचं आहे. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

गेली नऊ वर्षं मी एक लहानसं मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेलं, सॉफ्टवेअर सांभाळतो. कृतिदेवसारख्या जुन्या डीटीपी फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणून देणं, एवढंच त्याचं काम. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना सोपं वाटेल. पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडला ती अक्षरानंतर हवी असते. रफाराचं बरोबर उलटं. त्यात प्रत्येक ऑपरेटरची हाताची सवय वेगळी. एकाच फॉन्टमधल्या दोन छापखान्यांच्या फाइली सारख्या निघत नाहीत.

नोकरी सांभाळून रात्री हे काम चालतं. गेल्या वर्षी वडिलांचं आजारपण निघालं आणि सात महिने मी प्रकल्पाकडे फिरकलोसुद्धा नाही. त्या काळात एका व्यक्तीनं तो तगवून धरला. मला तिचं टोपणनाव आणि ईमेल एवढंच ठाऊक आहे. पुरुष की स्त्री, कुठल्या गावची, काही नाही. दोन वर्षांपूर्वी पहिला पॅच (दुरुस्तीचा तुकडा) आला, मदतपानातल्या चार शुद्धलेखनाच्या चुकांचा. मग वेलांटीची एक अडचण सुटली, मग विंडोजचा इन्स्टॉलर नीट झाला. आज नव्या कोडचा निम्म्याहून जास्त भाग त्या हातचा आहे आणि तो स्वच्छ आहे.

मागच्या महिन्यात त्याच व्यक्तीनं विचारलं, 'रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, काढायचे अधिकार मला दिलेत तर लोकांना ताटकळावं लागणार नाही.' त्याच आठवड्यात आणखी दोघांची पत्रं आली. प्रकल्प जिवंत आहे का, झेपत नसेल तर दुसऱ्या कुणाला का देत नाही, अशी.

एक्सझेडचं प्रकरण, विश्वासातल्या मदतनीसानंच कोडमध्ये मागचं दार लपवल्याचं, ज्यांना आठवतं त्यांना माझ्या पोटात गोळा का आला ते कळेल. दोन वर्षं कष्ट केलेल्या व्यक्तीवर संशय घ्यायची लाज वाटते. आणि न घेता अधिकार दिले नि उद्या त्या इन्स्टॉलरमधून काही भलतं गेलं, तर ज्या छापखान्यांनी माझ्या नावावर ते उतरवून घेतलं त्यांना काय तोंड दाखवू? किती ठिकाणी ते चालतं हेही मला सांगता येत नाही. असं सॉफ्टवेअर लोक उतरवतात आणि वापरतात, मला ते कळतं ते काही बिघडलं की.

तुम्ही काय कराल?

---

रात्रपाळी

एक्सझेडचं नाव काढलंत म्हणून आधी तेच लिहितो, कारण इथे बऱ्याच जणांना ते ऐकीव माहीत असेल.

२९ मार्च २०२४, गुड फ्रायडे. मी हिंजवडीत सर्व्हर सांभाळतो. रात्री निरोपांचा पाऊस पडायला लागला. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसचे डेव्हलपर, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी. ते डेबियन या लिनक्सच्या 'अनस्टेबल', म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या, आवृत्तीवर पोस्टग्रेसची मोजमापं घेत होते. मोजमापासाठी मशीन शांत हवं, पण एसएसएचचं (दुरून सर्व्हरवर शिरायच्या सोयीचं) लॉगिन विनाकारण प्रोसेसर खात होतं. ०.३ सेकंदात जे व्हायला हवं त्याला ०.८ लागत होते. अर्धा सेकंद. आपण कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं असतं? त्यांनी दिलं. माग काढत ते एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या लायब्ररीपर्यंत पोचले आणि तिथे त्यांना मागचं दार सापडलं. ज्याच्याकडे ठरावीक खाजगी किल्ली आहे त्याला त्या सर्व्हरवर बाहेरून हवा तो हुकूम चालवता आला असता. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० मिळाले.

आमच्या सर्व्हरवर जुनी, स्थिर आवृत्ती होती, त्यामुळे वाचलो. दोन डेव्हलपरांच्या लॅपटॉपवर मात्र एक्सझेडची ५.६.१ ही बाधित आवृत्ती सापडली. ते दोन्ही लॅपटॉप त्याच रात्री पुसून नव्याने भरले. घरी जाताना गाडीवर एकच विचार होता. मी पंधरा वर्षं हे एक्सझेड वापरतोय आणि ते कोण सांभाळतं हे मला आज पहिल्यांदा कळलं.

लासे कॉलिन. फिनलंडचे. बहुतेक काळ एकटेच.

---

डेबवाला

रात्रपाळींनी शेवट सांगितला, मी सुरुवात सांगतो. धागाकर्त्यांना खरं काम सुरुवातीशी आहे.

'जिया टॅन' हे नाव लावणाऱ्यानं २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एक्सझेडला पहिला पॅच पाठवला. निरुपद्रवी, एडिटरच्या सेटिंगची फाइल. मग आणखी पॅच, सगळे कामाचे. २०२२ च्या एप्रिलपासून 'जिगर कुमार' आणि 'डेनिस एन्स' अशी नावं उगवली. पॅच किती दिवस पडून राहणार, मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) रस उरलेला नाही, नवा माणूस आणल्याशिवाय काही हलणार नाही, असा सूर. त्या जूनमध्ये कॉलिन यांनी दिलेलं उत्तर मी कितीदा वाचलं असेन. रस संपलेला नाही, असं ते लिहितात. पण बराच काळ चाललेल्या मानसिक आरोग्याच्या तक्रारींमुळे आणि इतर काही गोष्टींमुळे लक्ष घालायची ताकद कमी पडते आहे. हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हेही ध्यानात असू द्या, अशी विनंती. आणि त्याच पत्रात, जिया टॅनबरोबर अलीकडे थोडं काम केलं आहे, कदाचित पुढे त्याच्याकडे मोठी भूमिका येईल.

एका दमलेल्या माणसानं आपलं दुखणं चारचौघांत सांगितलं आणि समोरच्यांनी त्याचाच खुंटा पकडला. पुढच्या वर्षी जिया टॅन स्वतः रिलीज काढत होता. २०२४ च्या फेब्रुवारीत ५.६.० आली, ९ मार्चला ५.६.१. विष त्या दोहोंत होतं.

आता युक्ती बघा, कारण धागाकर्त्यांनाही तिचा उपयोग आहे. मागचं दार उघड कोडमध्ये नव्हतंच. ते चाचणीसाठी ठेवलेल्या दोन दाबलेल्या फाइलींमध्ये लपवलं होतं. फाइल दाबणाऱ्या साधनाच्या चाचणीत मोडक्या-तोडक्या फाइली असायच्याच, म्हणून कुणाची नजर थबकली नाही. त्या फाइलींतून ते उकरून काढणारी ओळ गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सर्वांना दिसणाऱ्या साठ्यात, नव्हती. ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटायला बांधलेल्या कोडच्या गठ्ठ्यात) होती. गिटवरचा कोड कुणी अक्षर न् अक्षर वाचला असता तरी ती सापडली नसती. आम्ही पॅकेज बांधणारे टारबॉल घ्यायचो, कारण वर्षानुवर्षं तीच रीत. शिवाय एसएसएचला मुळात या लायब्ररीची गरजच नाही. डेबियन आणि रेड हॅट या लिनक्सच्या बाजूनं सिस्टमडी या सेवा चालू करणाऱ्या यंत्रणेसाठी केलेल्या जोडणीमुळे ती आत येत होती. म्हणजे आमच्या सोयीची एक फट त्यानं वापरली. मी डेबियनच्या पॅकेजांत अधूनमधून हात लावतो, त्यामुळे हे लिहिताना आजही मनाला लागतं.

जिया टॅन कोण, एक की अनेक, आजवर समजलेलं नाही.

---

छापखाना_सांगली

मी या धाग्यावर लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला.

मला गिट, टारबॉल यातलं काही कळत नाही. वय एकसष्ट. १९९६ पासून डीटीपी करतो. अक्षरजुळणी, तुमचं सॉफ्टवेअर मी वापरतो. आमच्याकडे पंचवीस वर्षांच्या स्मरणिका, गणेश मंडळांचे अहवाल, दोन दिवाळी अंकांच्या जुन्या फाइली आहेत. त्या फॉन्टसकट संगणक मेला असता तर सगळं गेलं असतं. तुमच्यामुळे आज ते शोधता येतं. एका गृहस्थांना त्यांच्या वारलेल्या आईची कविता एका १९९९ च्या अंकातून काढून दिली, तेव्हा ते दुकानात उभे राहून रडले.

पण वरचं वाचून मला घाम फुटला. तुम्हाला गेल्या वर्षी तीन मेल पाठवणारा मीच. 'साहेब, नवीन आवृत्ती कधी येणार, आमचं काम अडलंय' असं लिहिलं होतं. तुमचे वडील आजारी होते हे मला ठाऊक नव्हतं. मग त्या जिगर कुमारात आणि माझ्यात फरक काय राहिला?

आणि दुसरं. आम्ही वापरणाऱ्यांनी विश्वास ठेवायचा कशाच्या जोरावर? मला कोड वाचता येत नाही. मी तुमच्यावर विश्वास ठेवला तो नऊ वर्षांत एकदाही फसवलं नाहीत म्हणून. उद्या नाव तेच राहिलं आणि आतला माणूस बदलला तर मला कळणार कसं?

---

अक्षरजुळणी

काका, तुमच्या प्रतिसादानं रात्री झोप लागली नाही. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

तुमचे तिन्ही मेल माझ्याकडे आहेत, काल पुन्हा उघडून पाहिले. पहिल्याला फाइल जोडलेली आहे. दुसऱ्यात लिहिलंय की 'पृष्ठ १२ वर "कीर्ती"चा रफार पुढच्या अक्षरावर गेला आहे.' तिसऱ्यात तुम्ही आधीच्या दोन मेलबद्दल माफी मागितली आहे आणि एका मंडळाचं काम गणपतीच्या आत द्यायचं आहे असं सांगितलं आहे. खऱ्या वापरणाऱ्याच्या पत्राला त्याच्या कामाची शाई लागलेली असते. एक्सझेडवर दबाव आणणाऱ्या त्या पत्रांत अडलेलं काम नव्हतं, फाइल नव्हती, चूक कुठे तेही नव्हतं. फक्त माणूस बदला एवढंच होतं. त्या नावांचा एरवी कुठे मागमूसही सापडला नाही. तुम्ही माझ्याकडून काम मागत होता. ते लोक चाव्या मागत होते.

तुम्हाला उत्तर न देणं ही माझी चूक होती. घरात आजारपण आहे, सहा महिने काही होणार नाही, एवढी एक ओळ प्रकल्पाच्या पानावर टाकायला दोन मिनिटं लागली असती. आपण गप्प राहिलो की लोकांना अंदाज बांधावे लागतात आणि त्या अंदाजांत कुणीही शिरू शकतं. हे मला तुमच्यामुळे आत्ता कळतंय.

मागच्या महिन्यात आलेल्या त्या दोन पत्रांत मात्र शाई नाही. म्हणूनच अस्वस्थ आहे.

---

मायनकाठी

फ्रँकफर्टहून लिहितेय. मला हा प्रश्न विश्वासाइतकाच पैशाचाही वाटतो आणि तो बाजूला ठेवून चालणार नाही.

हार्टब्लीड हे ओपनएसएसएलमधलं भगदाड आठवतं का? एप्रिल २०१४. जगातल्या बँका, सरकारं, दुकानं इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ज्या ओपनएसएसएलवर विसंबून होती त्या प्रकल्पाला वर्षाला साधारण २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या. पूर्ण वेळ माणूस एक. भगदाड सापडल्यावर मोठ्या कंपन्या जाग्या झाल्या आणि लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभा राहिला. पण जाग आली ती घर जळल्यावर. इथे जर्मनीत सरकारनं २०२२ पासून सॉव्हरिन टेक फंड सुरू केला, पायाभूत मुक्तस्रोत प्रकल्पांच्या देखभालीला त्यातून पैसे मिळतात. आपल्याकडे झेरोधानं २०२४ च्या ऑक्टोबरात फ्लॉस फंड जाहीर केला, वर्षाला १० लाख डॉलर. एका प्रकल्पाला १० हजारांपासून १ लाख डॉलरपर्यंत.

कॉलिन यांना महिन्याला ठरावीक रक्कम मिळत असती, मदतीला एक पगारी माणूस असता, तर त्या दबावाला ते इतके एकटे सामोरे गेले नसते असं मला मनापासून वाटतं. अक्षरजुळणी, तुमच्या सॉफ्टवेअरवर किती वृत्तपत्रांची आणि ग्रंथालयांची जुनी फाइल उभी आहे? त्यांनी वर्षाला पाच-पाच हजार रुपये दिले तरी तुम्ही अर्धवेळ कुणी ठेवू शकाल.

---

अर्धविराम

मायनकाठी, पैसे मिळायलाच हवेत याला पूर्ण सहमत. पण पैशानं हा प्रश्न सुटतो याला नाही.

मी जावास्क्रिप्टमध्ये काम करते, आमच्या गल्लीतल्या तीन गोष्टी सांगते.

२०१६ चा मार्च. लेफ्टपॅड. ११ ओळींचं मॉड्यूल, म्हणजे कोडचा तयार तुकडा. नावाच्या वादातून लेखकानं आपली सगळी मॉड्यूलं एनपीएम या जावास्क्रिप्टच्या कोठारातून काढून घेतली आणि जगभरच्या बांधण्या (कोडमधून सॉफ्टवेअर तयार करणं) कोसळल्या. त्याच्यावर कुणी हल्ला केला नव्हता, तोही कुणावर हल्ला करत नव्हता. आपण त्या ११ ओळींवर उभे आहोत हेच कुणाला माहीत नव्हतं.

२०१८. इव्हेंटस्ट्रीम. आठवड्याला सुमारे २० लाख वेळा उतरवलं जाणारं मॉड्यूल. मूळ लेखक डॉमिनिक टार ते कधीचं वापरत नव्हते. एका अनोळखी माणसानं ईमेल करून सांभाळायला मागितलं, त्यांनी दिलं. त्यानं आत एक छोटं मॉड्यूल जोडलं, ज्याचा डोळा एका बिटकॉइन वॉलेटवर होता. सापडलं कसं? कालबाह्य फंक्शन वापरल्याची एक फालतू सूचना पडद्यावर येत होती आणि कुणीतरी ती कुठून येते ते शोधत गेलं. इथेही अर्ध्या सेकंदासारखीच गोष्ट. टार यांच्यावर लोक तुटून पडले. मला तो राग कधीच समजला नाही. फुकट घेतलेलं, फुकट वापरलेलं, आणि त्यांनी थकून दुसऱ्याला दिलं की ते गुन्हेगार?

२०२२ चा जानेवारी. कलर्स आणि फेकर, दोन मॉड्यूलं. इथे मूळ लेखकानंच कलर्समध्ये न संपणारा लूप घातला आणि फेकरचा कोडच काढून टाकला. मोठ्या कंपन्यांना यापुढे फुकट राबणार नाही असं तो आधीपासून सांगत होता. त्याची तक्रार खरी होती. पण लूप अडकला तो कंपन्यांच्या मालकांकडे नाही, रात्री काम करणाऱ्या आपल्यासारख्यांकडे. त्यानं जे केलं ते मला मान्य नाही. फेकर मात्र नंतर काही जणांनी मिळून उचललं, गट म्हणून, आणि ते आजही चालू आहे.

म्हणून मला वाटतं, प्रश्न 'या माणसावर विश्वास ठेवू का' असा विचारूच नये. एकाच माणसावर सगळा भार पडणार नाही असं काय करता येईल, ते विचारावं. मग तो माणूस तुम्ही असा नाहीतर ती अनोळखी व्यक्ती.

---

रात्रपाळी

अर्धविराम यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. पण मी जरा कडक बोलतो. ज्याला चाव्या हव्यात त्यानं ओळख दाखवावी. आधार कार्ड पाठव, व्हिडिओवर ये, मग बोलू. आपण भाडेकरू ठेवतानाही पोलिसांत नोंद करतो.

---

अर्धविराम

रात्रपाळी, याला माझा ठाम विरोध आहे. कितीतरी जणी टोपणनावानं कोड लिहितात, कारण खऱ्या नावानं लिहिलं की इनबॉक्समध्ये काय येतं ते आम्हाला माहीत आहे. कितीजणांच्या नोकरीच्या करारात बाहेरचं काम करायला मनाई असते. कुणाला घरच्यांपासून लपवायचं असतं. आणि तीन वर्षं चिकाटीनं खोटं वागू शकणाऱ्याला एक खोटं ओळखपत्र बनवणं जड जाईल का? आधार मागितलंत तर प्रामाणिक माणूस दुखावून जाईल, लबाड मात्र हसत पाठवून देईल. शिवाय ते कार्ड अक्षरजुळणींच्या मेलमध्ये पडून राहणार, ही वेगळीच जोखीम.

---

डेबवाला

दोघांच्या मधलं काहीतरी आहे आणि ते आमच्याकडे वर्षानुवर्षं चालतं. डेबियनमध्ये अधिकार मिळण्याआधी तुमच्या डिजिटल किल्लीवर आधीपासून आत असलेल्यांच्या सह्या लागतात. सही करणारा तुम्हाला प्रत्यक्ष भेटतो, ओळखपत्र बघतो, पण ठेवून घेत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात डेबियनची परिषद, डेबकॉन्फ, कोचीला झाली तेव्हा मी स्वतः पासपोर्ट घेऊन रांगेत उभा होतो. समोरच्या मुलानं माझा फोटो बघितला, मी त्याचा, दोघांनी किल्लीचे आकडे मोठ्यानं वाचले. पण लक्षात घ्या, ती सही फक्त एवढंच म्हणते की ही किल्ली या माणसाची. माणूस चांगला आहे असं ती म्हणत नाही. चांगुलपणाला सही नसते. म्हणून पुढची कुंपणं लागतात.

तुमच्या प्रकल्पाचं रिपो (कोडचं भांडार) काल मी बघितलं. मला दिसलेलं सांगतो. तुमचा विंडोजचा इन्स्टॉलर तुम्ही घरच्या संगणकावर बांधता आणि चढवता. म्हणजे आज लोक तुमच्या घरच्या त्या एका मशीनवर विश्वास ठेवून आहेत. उद्या चाव्या दिल्यात तर त्या अनोळखी व्यक्तीच्या मशीनवर ठेवतील. हे दोन्ही बंद करा. रिलीज गिटमधल्या कोडमधून, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी आपोआप बांधली जाऊ दे. हातानं चढवलेली कुठलीही फाइल नको. एक्सझेडमधली ती टारबॉलची फट इथेच बुजते. शक्य झालं तर बांधणी अशी करा की दुसऱ्या कुणीही तोच कोड बांधला तर बाइट न् बाइट तीच फाइल यावी. डेबियनमध्ये आम्ही यामागे २०१३ पासून लागलो आहोत, तुमच्या आकाराच्या प्रकल्पाला चार शनिवार पुरतील. मी येतो मदतीला.

रिलीजला दोन डिजिटल सह्या लागू देत. तुमची एक, दुसरी कुणाचीही. तुम्ही आजारी पडलात तर तिसरा माणूस हवा, म्हणून एकूण तिघं. आणि वेबसाइटच्या नावाचा ताबा कोडच्या चाव्यांबरोबर एकाच खिशात ठेवू नका.

अजून एक दिसलं. चाचण्यांच्या फोल्डरमध्ये ३१ जुन्या डीटीपी फाइली बायनरी स्वरूपात आहेत. त्या कुणी दिल्या, आत काय, कुणाला सांगता येणार नाही. त्या काढा. साधा मजकूर ठेवा, डावीकडे जुन्या फॉन्टचा, उजवीकडे अपेक्षित युनिकोड. कुणीही वाचू शकेल असा.

---

मायनकाठी

डेबवाला, हे सगळं योग्य आहे, पण हे करायला लागणारे तासही तोच दमलेला माणूस घालणार ना? मी पैशाचा मुद्दा सोडत नाहीये. मी इथून दरमहा काही रक्कम सुरू करते. हिशोब उघड ठेवा एवढीच विनंती.

अवांतर वाटेल, पण कॉलिन यांच्याबद्दल एक गोष्ट लिहायचीच आहे. मागचं दार उघडकीला आल्यावर गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळानं त्यांचंही खातं बंद केलं होतं, रिपोही. नंतर ते परत मिळालं. त्यांनी पळ काढला नाही. एकेक कमिट (कोडमधला नोंदलेला बदल) तपासत बसले आणि २९ मे २०२४ ला, बरोबर दोन महिन्यांनी, ५.६.२ काढून ते सगळं धुऊन टाकलं. ज्याच्या थकव्याचा गैरफायदा घेतला गेला, त्यानंच परत येऊन घर झाडलं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त आदर त्यांच्याबद्दल वाटतो.

---

छापखाना_सांगली

माझा दुसरा प्रश्न राहिलाच होता, आतला माणूस बदलला तर मला कळणार कसं. डेबवाला यांनी सांगितलेल्या गोष्टी झाल्या की मला कोड न वाचताही काही बघता येईल का? म्हणजे मी माझ्याकडून काय करू?

---

डेबवाला

हो काका. रिलीजच्या पानावर कोणी सही केली, कोणी बांधली ते मराठीत लिहिलेलं असेल. माणूस बदलला तर पहिली ओळ तीच असेल. आणि खरं सांगू? फ्रॉइंड हे एक्सझेडचे मेंटेनर नव्हते. आपल्या कामासाठी ते वापरणारे होते. रोजच्यापेक्षा काही वेगळं वाटलं तर कळवणं, हे वापरणारा करू शकतो. रोज त्यावर बसणाऱ्यालाच रोजचं काय आहे ते ठाऊक असतं.

---

अक्षरजुळणी

मंडळी, पंधरा दिवस गप्प होतो, कामाला लागलो होतो.

त्या व्यक्तीला सगळं खरं लिहिलं. तुमच्या कामाचा मला आदर आहे, पण मी तुम्हाला ओळखत नाही, आणि एक्सझेडनंतर मला भीती वाटते. म्हणून कुणालाच, मलासुद्धा, एकट्यानं रिलीज काढता येणार नाही अशी व्यवस्था करतोय, त्यात तुम्ही याल का? हा धागाही पाठवला. तीन दिवस उत्तर आलं नाही. ते तीन दिवस वाईट गेले.

मग आलं. व्हिडिओवर येणार नाही, त्याचं कारण सांगणार नाही, भेटणंही सध्या शक्य नाही. दोन सह्यांची पद्धत मान्य आहे. आपलं प्रत्येक काम दुसऱ्यानं तपासून मगच आत घ्यावं, याला काही हरकत नाही. शेवटची ओळ अशी होती, 'तुमच्या वडिलांची तब्येत आता कशी आहे?'

त्या ओळीनं विरघळलो, हे कबूल करतो. आणि विरघळलो म्हणूनच ठरवलेलं बदललं नाही. कोड पाठवायचे आणि तपासायचे अधिकार दिले आहेत. रिलीजच्या तीन सह्या सध्या माझी, डेबवाला यांची आणि अर्धविराम यांची, कुठल्याही दोन लागतील. वर्षभरानं पुन्हा बघू. त्या दोन शाई नसलेल्या पत्रांना 'कुठली फाइल अडली आहे ते पाठवा' असं उत्तर दिलं. अजून काही आलेलं नाही.

इन्स्टॉलर आता माझ्या घरी बांधला जात नाही. प्रकल्पाच्या पानावर सगळ्यात वर एक चौकट टाकली आहे, मी सध्या कसा आहे, वेळ किती आहे, पुढची रिलीज साधारण कधी. मायनकाठी, हिशोबाचं पानही उघडलं आहे.

बायनरी फाइली काढल्या. त्यांच्या जागी साधा मजकूर लागणार आहे, भरपूर, निरनिराळ्या ऑपरेटरांच्या हातचा. काका, तुमच्याकडून मिळेल का? खाजगी काही नको, छापून वाटलेलं असेल तेच.

---

छापखाना_सांगली

पाठवतो. मंडळांचे चाळीस अहवाल आणि एका ट्रेकिंग संस्थेची २००३ ची स्मरणिका काढून ठेवली आहे. तीन ऑपरेटरांच्या हातची आहेत, कुठली कुणाची ते नावाऐवजी क, ख, ग असं लिहिलंय. डाव्या-उजव्या रकान्यात मांडायचं माझ्या पुतणीनं शिकवलं. उजवीकडचं मी स्वतः मूळ छापील प्रतीशी ताडून पाहिलं आहे.

काल नवीन आवृत्ती लावली. लावण्याआधी सह्या बघितल्या, दोन आहेत.

एक चूक सापडली. स्मरणिका, पृष्ठ ४७, तिसरी ओळ, ऑपरेटर ख. मूळ छापलंय 'सह्याद्रीतल्या दऱ्या'. तुमच्याकडून 'सह्याद्रीतल्या दर्या' आलं. त्याच पानावर खाली 'दुसऱ्या' बरोबर आलंय, म्हणजे हा ऑपरेटर दोन प्रकारे टाइप करायचा. फाइल सोबत जोडली आहे. घाई नाही.